पाच मिलीलिटरमधलं शरीर

शाळेत शरीर आपल्याला धड्याधड्यांनी भेटतं. आधी पचनसंस्था, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, मग उत्सर्जन. चेतासंस्थेपर्यंत पोचेस्तोवर वार्षिक परीक्षा येते. माझा पोटापाण्याचा धंदा रक्त तपासण्याचा. पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आधी ग्रामीण रुग्णालयात आणि पुढे खासगी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. "बाई, एवढं रगत नेता, वापस कवा देता?" असं विचारणारे म्हातारे आणि सुई बघूनच डोळे फिरवणारे तगडे जवान, दोन्ही रोजचेच. त्या पाच मिलीलिटरमध्ये धडे वेगळे काढता येत नाहीत, हे मात्र टेबलाशी उभं राहिल्यावरच कळलं. यकृत, मूत्रपिंड, स्नायू, हाडं, आतडी, सगळी तिथे एकदम बोलतात आणि एकमेकांच्या बोलण्यात तोंडही घालतात. रिपोर्टवरचा आकडा कुठल्या अवयवाचा, हा प्रश्न लोक मला सगळ्यात जास्त विचारत. त्याचं सरळ उत्तर मला क्वचितच देता आलं. का, ते पुढे लिहिलं आहे.

१. रक्त नळीत आल्यावरही खात-पीत असतं

खेड्यांवरून नमुने मोटारसायकलवर यायचे. मे महिन्यात, सकाळी सातला काढलेलं रक्त साडेदहा-अकराला आमच्या हातात. एका मधुमेही आजोबांची साखर अशीच ५८ निघाली. फोन केला तर आजोबा बाजेवर बसून नातवावर ओरडत होते. ५८ साखरेचा म्हातारा घामाघूम होतो, त्याचे हात थरथरतात, तो असा खणखणीत ओरडत नाही. साखर आजोबांच्या अंगात कमी झाली नव्हती, ती नळीत संपत गेली होती.

तांबड्या पेशी साऱ्या शरीराला ऑक्सिजन पोचवतात, पण स्वतः त्यातला कणभरही वापरत नाहीत. ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणारी मायटोकॉन्ड्रिया त्यांच्यात नसतातच. त्या फक्त ग्लुकोज फोडतात, मिळेल तेवढ्या ऊर्जेवर जगतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. हे काम नळीतही चालू राहतं. साध्या तापमानाला रक्तातली साखर दर तासाला पाच ते सात टक्क्यांनी घटते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणून साखरेची नळी वेगळी, करड्या टोपणाची. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. ते ग्लुकोज फोडण्याच्या साखळीतलं इनोलेज नावाचं एक विकर अडवतं. हा अडथळा साखळीच्या शेवटाकडे असल्यामुळे पहिला तास-दीड तास साखर थोडी घसरतच राहते, मग थांबते. करडं टोपण आहे म्हणून निर्धास्त राहू नये, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगत असे.

मग रक्त फ्रीजमध्ये ठेवलं की झालं, असं कुणालाही वाटेल. तिथे दुसरीच गंमत होते. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा पंचवीस-तीस पट असतं, आणि सोडियम बाहेर जास्त, आत कमी. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या पटलात एक पंप असतो. ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्चून तो तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपण स्वस्थ पडलेले असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तरी या उपशावर जातो. येन्स स्काऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ मध्ये हा पंप दाखवून दिला. त्याचं नोबेल त्यांना १९९७ मध्ये मिळालं, चाळीस वर्षांनी. आमच्याकडे लाईट गेली की विहिरीवरची मोटर बंद पडते आणि पाणी आपली पातळी गाठतं. गारठ्यात या पंपाचं तेच होतं. पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. सिरम दिसायला स्वच्छ, पिवळंधमक, आणि मशीन पोटॅशियम सांगतं ६.८. जिवंत माणसात हा आकडा खरा असेल तर हृदय कुठल्याही क्षणी थांबू शकतं. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेल्या अखंड रक्तात तो खरा नसतो.

यावर उपाय एकच. रक्त गोठलं की लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, आणि पेशी एकीकडे, सिरम एकीकडे करायचं. जगण्याची रसायनं म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा या घाईने शिकवलं. साखर आत घेणं, क्षार आत-बाहेर हलवणं आणि त्यासाठी सतत खर्च करत राहणं. खर्च थांबला की आत-बाहेर सगळं सारखं होतं. मेल्यावर शरीरात तेच होतं.

२. कॅल्शियम ३ आणि माणूस चालत आला, तर नळीकडे बघा

जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं, आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. निळ्या टोपणातलं सायट्रेटही कॅल्शियम धरतं, पण सैल हाताने. म्हणून लॅबमध्ये वरून कॅल्शियम घालून रक्त किती सेकंदांत गोठतं ते मोजता येतं. लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि वरचं सिरम वापरतात.

कधी एखादा कंपाउंडर लाल नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं ओततो. मग रिपोर्ट येतो: पोटॅशियम १०, कॅल्शियम ३, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकरही पार खाली. ईडीटीए नळीत पोटॅशियमचा क्षार म्हणून असतं, त्यामुळे पोटॅशियम वाढलं. त्याने कॅल्शियम पकडलं. आणि त्या विकराला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियमही पकडलं. तीन वेगवेगळ्या संस्थांचे तीन भयंकर आजार एकाच माणसाला एकाच सकाळी झाल्यासारखे दिसतात, आणि तो माणूस बाहेर बाकड्यावर बसून तंबाखू मळत असतो.

कॅल्शियम म्हटलं की लोकांना हाडं आठवतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडा-दातांतच असतं, हे खरं. पण उरलेल्या एका टक्क्यावर रक्ताचं गोठणं, स्नायूंचं आकसणं आणि मज्जातंतूंचे निरोप चालतात. तो एक टक्का कमी पडू लागला की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बेलाशक हाडं विरघळवायला लावतात. हाडांपेक्षा हृदयाचा ठोका मोठा, हा निर्णय शरीराने आपल्याला न विचारता घेऊन ठेवला आहे.

३. क्रिएटिनिन किडनी बनवत नाही

"किडनीची टेस्ट करा" म्हणून येणाऱ्याचं आम्ही क्रिएटिनिन करतो. ते तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायूंत क्रिएटिन फॉस्फेट नावाचा राखीव साठा असतो. एकदम पळायचं झालं तर पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा त्यातून मिळते. १९२७ मध्ये हार्वर्डला सायरस फिस्के आणि भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो शोधला. फॉस्फरस मोजण्याची 'फिस्के-सुब्बारो' पद्धत त्या दोघांचीच, १९२५ ची. आमच्या जुन्या रिएजंटच्या खोक्यांवर हे नाव छापलेलं असे. तो सुब्बारो आपल्या आंध्रातला, हे मला फार उशिरा कळलं आणि उगीचच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

या साठ्यातला थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होतो आणि मूत्रपिंडातून निघून जातो. म्हणजे रक्तातला आकडा दोघांचा: स्नायू किती, आणि गाळणी कशी. तालमीतल्या पैलवानाचं १.३ बघून घाबरायचं कारण नसेल. हाडांचा सापळा झालेल्या ऐंशीच्या आजीचं १.१ मात्र रिपोर्टवर नॉर्मल छापून येतं आणि तिची मूत्रपिंडं निम्म्यावर आलेली असू शकतात. म्हणूनच आता चांगले डॉक्टर नुसत्या आकड्यावर थांबत नाहीत, वय आणि लिंग धरून गाळण्याचा वेग काढतात.

क्रिएटिनिन मोजायची पद्धत मॅक्स याफे यांनी १८८६ मध्ये दिलेली: अल्कधर्मी पिक्रिक आम्ल घातलं की नारिंगी रंग येतो. रंग जितका गडद तितकं क्रिएटिनिन जास्त. पिक्रिक आम्ल सुकलं तर स्फोटक, म्हणून बाटलीत ते ओलंच ठेवावं लागे. मशीनं बदलली, पण सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी हे नारिंगी पाणी कितीतरी लॅबमधून हललेलं नाही.

आता पोलीस भरतीच्या पोरांबद्दल. भरती निघाली की पहाटे हायवेच्या कडेने पोरं पळताना दिसतात. १६०० मीटरची वेळ मारायची असते. वर्षभर काही न करता एकदम पहिल्याच दिवशी जीव तोडून पळणं, बैठका मारणं, वर उकाडा आणि पाणी कमी. दुसऱ्या दिवशी असाच एक पोरगा मांड्या धरून आला. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. पट्टी बुडवली तर रक्त जोरदार पॉझिटिव्ह. तीच लघवी फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर तांबडी पेशी एकही नाही.

पट्टी फसली नव्हती. तिला हीम हा लोहाचा रेणू दिसतो. तो हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच स्नायूंच्या मायोग्लोबिनमध्येही असतो. पोराचे स्नायू फुटले होते आणि त्यांतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नलिकांत उतरत होतं. सीपीके हे स्नायूंतलं विकर नॉर्मलला २०० च्या आत असतं, पोराचं नमुना पातळ करून करून मोजावं लागलं. एसजीओटी हे विकरही वाढलेलं. ते बघून नातेवाइकांपैकी कुणीतरी "लिव्हर खराब आहे" असं ठरवून मोकळा झाला होता. एसजीओटी यकृतात असतं तसं स्नायूंत असतं, हृदयात असतं, तांबड्या पेशींतही असतं. पोराला सलाईनवर ठेवलं, नलिका धुऊन निघाल्या, क्रिएटिनिन चढलं ते उतरलं. आजार स्नायूंचा, धोका मूत्रपिंडाला, संशय यकृतावर. शाळेच्या पुस्तकात हा पोरगा कुठल्या धड्यात बसवायचा?

४. ५७४ पैकी दोन

हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे प्रथिनाच्या चार साखळ्या: दोन अल्फा, दोन बीटा. अल्फात १४१ अमिनो आम्लं, बीटात १४६. चारही मिळून ५७४. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. तिथे व्हॅलिन आलं की तो सिकलसेल. दोन साखळ्यांत एकेक, बदल एवढाच. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार आहे हे दाखवलं आणि पुढे सात-आठ वर्षांत व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमकी जागा पकडली.

ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलिन पाण्यापासून दूर पळतं. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमध्ये हे व्हॅलिन शेजारच्या रेणूला जाऊन चिकटतं, तो पुढच्याला, आणि पेशीत ताठ काड्यांचा जुडगा तयार होतो. पेशी विळ्याच्या आकाराची होते, बारीक वाहिन्यांत अडकते. चाचणीत हे डोळ्यांना दिसतं. रक्ताचा थेंब डायथायोनाइटच्या द्रावणात टाकायचा आणि नळी छापील रेघांच्या कागदापुढे धरायची. साधं रक्त असेल तर रेघा दिसतात. सिकलचं असेल तर द्रावण गढूळ होतं, रेघा गायब.

या गढूळ नळीमागे काय काय असतं, ते विदर्भात आणि नंदुरबारकडे काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. हाडांत असह्य कळा, लहानपणीच निकामी झालेली प्लीहा, पायावर न भरणारी जखम, विशीत झिजलेला खुबा, कुणाला लकवा. मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून पोरं रात्री चारचारदा उठतात आणि मार खातात. एका अमिनो आम्लाच्या बदलातून हे सगळं. गढूळ चाचणीवरून वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. ही गोष्ट मी मोठ्या आवाजात सांगत असे, कारण अर्धवट रिपोर्टवरून ठरलेली लग्नं मोडताना मी बघितली आहेत. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के. एकच वाहक असेल तर मूल फार तर वाहक होईल. एवढं गणित बैठकीतल्या मंडळींना सांगायला कुणी नसतं.

याच रेणूवरून साखरेचं तीन महिन्यांचं एचबीए१सी निघतं. ग्लुकोज बीटा साखळीच्या टोकाला विकराशिवाय, आपणहून चिकटतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या काळातल्या साखरेची नोंद तिच्यावर राहते. पण सिकलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच मरते. नोंद व्हायला वेळच नाही. साखर अडीचशे असली तरी एचबीए१सी छान दिसेल. उलट लोह कमी असलेल्या बाईचं ते थोडं वाढून दिसतं. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. तेव्हा हिमोग्लोबिन न बघता एचबीए१सीवर बोलू नये, असं माझं मत आहे. डॉक्टरांशी मी यावरून वाद घातला आहे.

५. पिवळा रंग उन्हाने जातो

दर सेकंदाला वीस लाखांवर तांबड्या पेशी मोडीत निघतात. लोह परत वापरात जातं आणि हीमचा उरलेला सांगाडा बिलिरुबिन होतो. ते पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून विरघळतं करतं, मग ते पित्तातून आतड्यात जातं. शौचाचा तपकिरी आणि लघवीचा पिवळा, दोन्ही रंग मूळ रक्ताचेच. म्हणून कावीळ म्हटली की मी आधी शौचाचा रंग विचारत असे. लोक लाजत, पण पांढुरकं झालं असेल तर पित्ताची वाट कुठेतरी बंद आहे, हे मशीनच्या आधी कळतं.

बिलिरुबिनचा नमुना झाकून ठेवायचा, हा लॅबमधला नियम. त्याच्या मुळाशी एक सुंदर हकिकत आहे. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना उन्हात नेत. १९५६ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की एका काविळीच्या बाळाचं अंग फिकं पडलं आहे, फक्त दुपट्याखाली झाकलेला भाग पिवळाच आहे. त्याच सुमारास तिथल्या लॅबमध्ये एका काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहिली आणि बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा फारच कमी निघालं. डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धागा धरला, निळ्या प्रकाशाचे दिवे केले आणि १९५८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूची घडी बदलते आणि यकृताच्या मदतीशिवाय ते बाहेर पडू शकतं. आज आपल्या जिल्हा रुग्णालयात निळ्या उजेडात, डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलेली बाळं दिसतात, ती या नळीमुळे आणि त्या सिस्टरच्या नजरेमुळे.

६. फवारणीच्या दिवसांत घाम कोरडा करणारं औषध

ऑगस्ट ते ऑक्टोबर आमच्याकडे कपाशीवर फवारणी. पाठीवर पंप, अंगात बनियन, वारा समोरून. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण रुग्णालयांत आले. देशभर बातमी झाली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला आली होती, म्हणजे फवारा थेट तोंडावर. दोनचार रुग्ण मात्र दर हंगामात येतात, त्यांची बातमी होत नाही.

मज्जातंतूकडून स्नायूला आणि ग्रंथींना निरोप जातो तो ॲसिटिलकोलिन या छोट्या रेणूने. निरोप पोचला की तो पुसावा लागतो. कोलिनेस्टरेज हे विकर ते काम करतं, एक रेणू सेकंदाला हजारो निरोप पुसतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं या विकराच्या कामाच्या जागी जाऊन बसतात आणि उठत नाहीत. मग निरोप साठत जातात. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, घामाच्या धारा, उलट्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायूंवर थरथर, आणि छातीत स्राव साठून श्वास कोंडतो. किड्याला मारणारं आणि माणसाला मारणारं रसायन एकच, कारण विकर दोघांतही तेच. हे विष कातडीतून जातं. म्हणून आधी कपडे काढून साबणाने अंग धुवायला हवं, पण आणणारे लोक घाईत त्याच भिजलेल्या कपड्यांत रुग्णाला गाडीवर मधे बसवून आणतात.

डॉक्टर ॲट्रोपिन देतात. धोतऱ्यात असतं तेच. ते विकर दुरुस्त करत नाही, फक्त ग्रंथींना तो गोंगाट ऐकू येऊ देत नाही. छाती कोरडी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. विकरावरून विष सोडवण्यासाठी प्रॅलिडॉक्झिम आहे, पण ते लवकर द्यावं लागतं. काही काळाने ती पकड कायमची होते.

लॅबकडे यायचं सिरम कोलिनेस्टरेज. हे रक्तातलं विकर मज्जातंतूजवळचं नव्हे, त्याचं भावंड. ते यकृत बनवतं. त्यामुळे जुन्या दारुड्याचं यकृत आधीच बसलेलं असेल तर फवारणी न करताही आकडा कमी येतो. विषाची तपासणी करायला जावं तर उत्तरात यकृत मधे बोलतं. एकच रिपोर्ट पुरत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा आकडा कुठे चालला आहे ते बघावं लागतं. आणि खरं सांगायचं तर बाहुल्या बघितलेला डॉक्टर आमच्या रिपोर्टसाठी थांबत नाही. थांबूही नये.

७. साखरेशिवाय मीठ आत शिरत नाही

हगवणीच्या साथीत सोडियम-पोटॅशियमच्या नळ्यांची रांग लागते. लोक म्हणतात, जुलाबात गोड देऊ नका. आतड्याचं म्हणणं वेगळं आहे. लहान आतड्याच्या पेशीत एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेतं, मागोमाग पाणी. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी सुचवली. पटकीत आतड्याची बाकीची यंत्रणा बिघडते, पण हे दार उघडं राहतं.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी पिंपांतून सरसकट पाजलं. मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्याही खाली आले. आजच्या पाकिटाने एक लिटर पाण्यात सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल होतं. जोडी सारखी ठेवण्यामागे विचार आहे. म्हणून ओआरएससारखं दिसणारं गोड पेय डब्यातून आणून पाजणाऱ्या आयांना मी टोकत असे. साखर जास्त झाली की ती आतड्यातच पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

८. दमा फुप्फुसाचाच असतो असं नाही

अकरा-बारा वर्षांची एक मुलगी, दोन दिवस दम्याचं औषध चालू. छातीत घरघर नाही, पण श्वास खोल आणि थांबत नाही. लघवीत नायट्रोप्रुसाइड आणि अमोनिया घातलं तर जांभळं कडं उमटलं. कीटोन. साखर पाचशेच्या वर. इन्सुलिन नसल्यामुळे पेशींना साखर घेता येत नव्हती, यकृत चरबीपासून कीटोन आम्लं बनवत सुटलं होतं आणि रक्ताचं पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्टीतून खाली चाललं होतं. फुप्फुसं निरोगी होती. कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून ती आम्ल कमी करत होती, स्वादुपिंडाची उणीव भरून काढत होती. मुलगी वाचली, आता स्वतः इन्सुलिन टोचून घेते.

९. वीस तपासण्या केल्या की एखादी तरी ठळक छापून येते

"फुल बॉडी चेकअप, इतक्या रुपयांत इतक्या तपासण्या." आमच्याही लॅबने पुढे हा बोर्ड लावला. नॉर्मल रेंज कशी ठरते, ते बोर्डावर नसतं. बऱ्याच तपासण्यांत निरोगी लोकांचे आकडे घेऊन मधले ९५ टक्के नॉर्मल धरतात. म्हणजे दर वीस निरोगी माणसांत एक जण रेंजच्या बाहेर पडणारच. एकाच निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर एखादी तरी बाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के. तारांकित रिपोर्ट घेऊन घाबरलेला माणूस पुढच्या पाच तपासण्या आपणहून करतो. धंदा चांगला होतो, हे मी पगार घेत असतानाही म्हणत होते.

असाच एक तरुण शिक्षक आला होता. बिलिरुबिन १.८, बाकी यकृताचं सगळं ठीक, हिमोग्लोबिन उत्तम. बिलिरुबिनला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडणारं विकर काही लोकांत जन्मतःच थोडं मंद असतं. गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात, त्रास काही नसतो. उपाशी राहिलं की अशांचं बिलिरुबिन आणखी वाढतं. पॅकेजमध्ये कोलेस्टेरॉल होतं, म्हणून त्याला बारा तास उपाशी यायला सांगितलं होतं, आणि एकादशीमुळे तो आदल्या दिवशीही फक्त चहावर होता. मी त्याला दोन दिवस नीट जेवून परत यायला सांगितलं. आला, १.२. तोवर त्याने सोनोग्राफी करून घेतली होती, काविळीचं गावठी औषध सुरू केलं होतं आणि घरात हळद-तेल बंद केलं होतं.